बाबांच्या पोटरीतलं मांस

मराठी मी घरात बोलतो, पण लिहायला कधी शिकलो नाही. शाळा हिंदीची होती, अक्षरं तीच, म्हणून धीर केला आहे. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. तेवढ्याने लिहायचा हक्क मिळतो असं नाही. चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकाला एक शब्द दिला आणि तो आपल्या भाषेत कुठे कुठे लागतो ते लिहायला सांगितलं. माझ्या वाट्याला 'फ्लेश' आला. मी लिहिलं: आंब्यात असतो तो गर, ताटात येतं ते मटण, हाडावरचं ते मांस. माणूस हाडामांसाचा. आणि कुणी कौतुक केलं की अंगावर मूठभर मांस चढतं. मॅडमनी माझी वही वर्गात वाचून दाखवली. पण खरं सांगायचं तर हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

बाबा रेल्वेत गँगमन आहेत, वर्ध्याकडून इकडे हिंदी मुलखात बदलून आलेले. सुरुवातीला दुर्गापुरा नावाच्या वस्तीत भाड्याने राहिलो, तेव्हा घरमालकाने पहिला प्रश्न खाण्याचाच विचारला. मांस खात नाही, असं आईने सांगितलं. तेव्हापासून रविवारचं मटण खिडक्या लावून शिजायचं. पुढे क्वार्टर मिळालं, तरी खिडक्या लागतच राहिल्या.

मागच्या हिवाळ्यात कामावर रूळ घसरून बाबांच्या पोटरीवर आला. हाड वाचलं, मांस गेलं. दवाखान्यात जखम भरेना. ती भरली नाही तर पटरीवरचं काम जाणार आणि ऑफिसात पाणी द्यायला बसवणार, हे बाबांना ठाऊक होतं. ते सारखे पायाकडे बघत.

आहार लिहून देणाऱ्या बाईंनी आईला विचारलं, अंडी-मांस चालतं का. आईच्या तोंडून सवयीने निघालं, "नहीं जी, हम नहीं खाते." बाईंनी तसंच लिहून घेतलं. आता बोलून बसल्यावर वॉर्डात रश्श्याचा डबा उघडायचा कसा? तीन आठवडे बाबा डाळीवर राहिले.

मी बोलायला फार कचरतो. पण ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या की नवीन मांस धरत नाही, तेव्हा त्या आहाराच्या बाईंच्या टेबलाशी गेलो. "मॅडम, हम खाते हैं. शर्म से मना किया था." त्या हसल्या नाहीत. आधीचं खोडून त्यांनी अंडी आणि मटण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आईने रस्सा आणला, पण डबा पदराआड धरूनच वाढायला लागली. बाबा म्हणाले, "पदरानं कायले झाकतं? मी काय चोरीचं खाऊन राहिलो?"

आईने पदर बाजूला केला. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे ताऊजी म्हणाले की नुसत्या वासावर आपल्या दोन रोट्या जास्त गेल्या.

रश्श्याने की औषधाने, ते मला सांगता येणार नाही. पण हळूहळू जखमेत डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल मांस दिसायला लागलं. ते बघायला आई ड्रेसिंगच्या वेळी मुद्दाम थांबायची.

काल दुपारी कॉलेजच्या व्हरांड्यात उभा होतो, तेव्हा बाबांचा फोन आला. ते रेल्वेच्या मेडिकल तपासणीला गेले होते.

"पास झालो," ते म्हणाले. "सोमवारपासून गँगमधेच. बसायचं काम नाई दिलं."