ग्रहणाचं दान
आज दुपारी ग्रहण सुटलं, जिन्यात अंघोळीच्या साबणाचा वास पसरला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. कारण वीसेक वर्षांपूर्वीचं एक ग्रहण आठवलं. तेव्हा पुण्यात आमच्या खराडीत नुकत्याच आयटी कंपन्या आल्या होत्या. आमच्या फाटकाशी एक म्हातारी भीक मागायची. ‘कायद्याने गुन्हा आहे,’ म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी पोलीस बोलावले. तिने फाटक घट्ट धरलं, तर पोलिसांनी बोटं सोडवून तिला गाडीत कोंबलं आणि भिक्षेकरीगृहात नेलं. त्याच आठवड्यात ग्रहण आलं. ते सुटताच सेक्रेटरी अंघोळ करून, तांदळाची पिशवी घेऊन फाटकाशी हजर. ‘अहो, दान घ्यायला कुणीच कसं नाही?’ मी म्हटलं, ‘भिक्षेकरीगृहात नेऊन द्या. पत्ता आपल्याला ठाऊक आहेच.’ ते तोंड फिरवून वर गेले. आत्ताही खाली फाटकाशी त्यांची तांदळाची पिशवी ठेवलेली दिसतेय, आणि तिच्या वरच त्यांनी लावलेली पाटी: ‘भीक मागण्यास सक्त मनाई.’