मौनाचा तास आणि उलटे हत्ती

आमच्या घरात क्रांती पहाटे सुरू झाली आणि इडल्या उकडायच्या आत संपली.

दोष माझ्या वाचनाचा. माझे वडील, अण्णा, शिंपी होते. ब्लाउजचे कागदी नमुने कापायला ते रद्दीतून सभा-मोर्च्यांची पत्रकं आणायचे आणि मी ती वाचायची, कात्री लागायच्या आधी आणि नंतरही. (त्यामुळे माझे बरेचसे सिद्धान्त बाहीच्या मुंढ्यापाशी तुटलेले आहेत.) पण एक वाक्य अखंड हाती लागलं होतं: ज्याची सकाळ गुलाम, त्याचा दिवस गुलाम!

आणि आमची सकाळ! कन्नड मुलखात, विजयनगर वस्तीतल्या त्या घरात पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे बोंबाबोंब. "अहो, नळ आला!" "अगं, माझा खडू कुठाय?" "कॉफीचं डिकॉक्शन उतरलं का?" अशा घरात माणसाने विचार करायचा कधी? एका रविवारी मी जाहीर केलं, "उद्यापासून पहाटे उठायचं. आधी व्यायाम, मग तासभर मौन. कुणी एक शब्द बोलायचा नाही!"

"कॉफी?" अण्णांनी विचारलं.

"मौनानंतर."

"मग मौन मुद्दाम कशाला पाळायचं? कॉफीवाचून माझा आवाज कुठे फुटतो?"

"करू दे हो तिला," आई म्हणाली. "सुम्ने दोन दिवस करेल, मग थंड होईल." (सुम्ने म्हणजे कन्नडात उगीच. माझ्या प्रत्येक कार्याला आमच्या घरात हेच विशेषण!)

आमच्याकडे पणजोबांपासूनची एक रीत होती. कापड पसरून खडूच्या रेघा मारल्या, तरी घरच्या बाईने समोर उभं राहून "विठ्ठल" म्हटल्याशिवाय कात्री चालवायची नाही. मी तीही बंद केली. "देवाला हाक मारून कापड सरळ कापलं जातं का? अंधश्रद्धा!"

"आयतु. बरं बाई, तू म्हणशील तसं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्यायामात अण्णा वाकले ते वाकलेच. आम्ही दोघींनी त्यांना सरळ केलं. मग मौन लागलं. अण्णांनी टेबलावर हिरवं रेशीम पसरलं. बन्नूर गावच्या जयम्मांच्या मुलीचा लग्नातला ब्लाउज! बाह्यांना जरीच्या हत्तींची रांग. लग्न तोंडावर आलेलं. रेघा मारून झाल्या, कात्री उचलली आणि सवयीने अण्णांनी आईकडे पाहिलं.

आईने कापडाकडे पाहिलं. तिचे डोळे विस्फारले. तिने जोरजोरात मान हलवली. मग नाकासमोर हात धरून सोंडेसारखा डोलवला. मग तोच हात उलटा केला. मग माझ्याकडे वळून हात जोडले!

मौनाची एवढी थट्टा? वर हात जोडून देव मागच्या दाराने आत आणायचा? मी ओठांवर बोट ठेवलं आणि अण्णांकडे पाहून करारीपणे मान डोलावली: कापा!

कर्र! कर्र!

दुसरी बाही खाली पडली आणि आईचा धीर सुटला. "हत्ती उलटे, कणे! अगं, हत्ती उलटे!"

दोन्ही बाह्यांवर हत्तींची मिरवणूक चालली होती, पाय आभाळाकडे करून.

"मग बोलायचं नाही का आधी?" अण्णा कळवळले.

"बोलू कशी? तुमच्या लेकीने ओठांवर बोट ठेवलं होतं ना! रोज काय मी देवासाठी नुसती ओरडत होते? कापड बघत होते!"

एवढ्यात पहिल्या बसने जयम्मा आल्या, काम कुठवर आलंय ते बघायला. "अय्यो! आने तलेकेळगे!" त्या किंचाळल्या. हत्ती खाली डोकं वर पाय!

खरी कार्यकर्ती संकटात गप्प बसत नाही. "अम्मा, ही नवी फॅशन आहे," मी म्हणाले.

"मग तूच घाल!"

अण्णांनी त्या दिवशी बाजार पालथा घालून तस्संच रेशीम आणलं. कापायच्या आधी आईने असा "विठ्ठल" ठोकला की शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकली. नवरी सरळ हत्ती घालून बोहल्यावर चढली. त्याच लग्नात, जयम्मांच्या खास आग्रहावरून, मी उलटे हत्ती घालून पंगतीत बसले.

मौनाचा तास आमच्या घरात अजून चालू आहे. फक्त तो एकटी मीच पाळते. कारण सकाळी मी सुधारणेसाठी तोंड उघडलं, की आई हातातलं काम टाकते. नाकासमोर हात धरते आणि सोंड हलवते.