शेपटी आखूड होती

साल २०२४, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. रांझी वस्तीतल्या माझ्या घरी चहा घेऊन बसलो होतो, तर विनायकच्या मुलाचा फोन. "दादाजी, बाबा गेले. झोपेतच." मी "अच्छा" म्हणालो. फोन ठेवल्यावर कळलं, की दोन वर्षांपासून एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती, ती आता राहिलीच...

विनायक आणि मी कारखान्यात एकाच खात्यात. मी सातवी नापास, पण मशीनवर घडवलेल्या जॉबवर नुसती नजर टाकून मापातला सुताचा फरक सांगायचो. साहेब लोकही बोलवून विचारायचे. त्या नजरेचा मला भारी गर्व. रिटायर झाल्यावर विनायकला पाखरांचा नाद लागला, त्यात त्यानं मलाही ओढलं. दर रविवारी आम्ही सहा-सात जण नर्मदेकाठच्या डोंगरावर जायचो. शाळेतल्या एक मॅडम वहीत नोंद करायच्या. विनायक दुर्बीण लावायचा. मी म्हणायचो, दुर्बीण कमजोर डोळ्यांना लागते.

तिथल्या एका कड्यावर त्यानं चार महिने एकट्यानं पाळत ठेवली आणि गिधाडाचं घरटं शोधलं. गिधाडं आता दिसतात कुठं? लेकरासारखा खूश होऊन तो सगळ्यांना तिथं घेऊन गेला. वर एक मोठं पाखरू पंख न हलवता घिरट्या घालत होतं. "पाहा, डोकं लहान, शेपटी आखूड. गिधाडच."

मी म्हणालो, "गरुड आहे. शेपटी चांगली लांब आहे."

"दादा, एकदा दुर्बिणीतून पाहा ना."

"काहून पाहू? साऱ्या कारखान्यानं माझी नजर मानली, आणि तू मला शिकवून राहिला? तू तर घरच्या कोंबडीलाही गिधाड म्हणशील!"

सगळे हसले. मी वयानं मोठा, आवाजही मोठा. मॅडमनी वहीत 'गरुड' लिहिलं. विनायकनं दुर्बीण पुसली, पिशवीत ठेवली आणि उतरायला लागला. त्या डोंगरावर तो पुन्हा आला नाही.

खरं लिहितो. शेपटी मला दिसलीच नव्हती. धुरकट काळा डाग तेवढा दिसला होता. सहा महिन्यांनी मोतीबिंदू काढला, मग एकटाच जाऊन त्या कड्याखाली उभा राहिलो. रुंद पंख, टोकाला बोटांसारखी पिसं, इवलंसं डोकं... आणि शेपटी आखूड. विनायकचं घर चार दारं सोडून. तीनदा सांगायला गेलो. तीनदा चहा पिऊन, इलेक्शनच्या गप्पा करून परत आलो.

घाटावरून आम्ही त्याला पोचवून आलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांचं त्यांना त्याच दिवशी समजलं होतं, भाऊजी. मी म्हटलं, मग सांगा ना चारचौघांत. तर म्हणाले, दादाची नजर काढून घेतली, तर त्याच्याजवळ उरतं काय?"



दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच डोंगर चढलो. मंडळी जमली होती. सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या दिवशी मला दिसत नव्हतं, मी खोटं बोललो, विनायक खरा होता. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या दादाजी, मी करते दुरुस्त." मी नाही म्हणालो. जुनं पान काढायला लावलं, 'गरुड' खोडलं, माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत 'गिधाड' लिहिलं, आणि पुढे पाहणाऱ्याचं नाव लिहिलं, विनायक.