ओली फडकी

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने प्रवेशासाठी लिहिलेला निबंध मला वाचून दाखवला. शिल्पकलेतलं पदव्युत्तर शिक्षण तिला का घ्यायचंय, तर आजीचं अपुरं राहिलेलं पुरं करायचं म्हणून. त्यात एक वाक्य होतं, ‘माझ्या आजीची मूर्ती दुष्काळाने नेली.’ तुम्हा सगळ्यांना ते फार आवडलं, मागून टाळ्याही ऐकू आल्या. पण ते वाक्य खोटं आहे, आणि परक्या देशातल्या प्राध्यापकांपुढे जाण्याआधी ते खोडलं पाहिजे. दुष्काळाने माझं काहीही नेलं नाही. क्रमाने सांगते.

मी परराज्यातल्या एका कला महाविद्यालयात शिल्पकलेच्या पदव्युत्तर वर्गात होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक मोठं काम करायचं आणि पदवी त्याच्यावर मिळायची किंवा अडायची. दिवाळीच्या सुट्टीत मी सुप्याजवळ दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांची रेखाटनं केली होती. ती पाहून आमचे सर म्हणाले, “हे इथे बसून आठवणीने करू नकोस. घरी जा, समोर बाई बसव आणि परीक्षेला प्लास्टरमधली मूर्ती घेऊन ये.”

मी आले. आमचं घर सुप्यात होतं. तिथे तेव्हा कारखाने नव्हते, नुसता माळ आणि मधून जाणारा पुण्याचा रस्ता. बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आई मी लहान असतानाच गेली होती. घर आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, सांभाळायची.

गावतळं पार आटलं होतं. त्याच्या तळाचा गाळ इतका बारीक आणि चिकट होता की कॉलेजात विकत आणलेली माती त्याच्यापुढे काहीच नव्हती. म्हणजे माती मला दुष्काळानेच दिली. आत घालायचा लोखंडी सांगाडा, ज्याला आम्ही आर्मेचर म्हणायचो, तो बाबांनी गावच्या लोहाराकडून करून घेतला. मी त्याची मान वाकवत होते तेव्हा बाबांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. “आणखी थोडी डावीकडे,” असं तेच म्हणाले होते. हे लक्षात ठेवा.

समोर बसायला खडीवरची एक बाई सुट्टीच्या दिवशी यायची. हातोडा हातात घेतल्याशिवाय तिला बसताच यायचं नाही. “ताई, नुसतं बसायची सवं न्हाई मला. आन् नाक जरा बरं काढा. मेल्यावर तेवढंच ऱ्हाईल.” तिला हसू आलं की मला काम थांबवावं लागे.

ओल्या मातीची मूर्ती ओलीच ठेवावी लागते. माती सुकली की आक्रसते आणि आतलं लोखंड आक्रसत नाही, म्हणून मूर्ती फाटते. एकदा प्लास्टरचा साचा घेतला की मग काळजी नाही. तोवर रोज ओल्या फडक्यांत गुंडाळून पडवीत ठेवायची. पाणी टँकरचं, घरात मोजून मिळायचं. मी घमेल्यात बसून अंघोळ करायची आणि घमेल्यातलं पाणी फडक्यांना वापरायची. पिण्याचा एक थेंब मी मातीला दिला नाही. तरी विहिरीपाशी टँकरच्या रांगेत एकीने ऐकवलंच, “मानसाला प्यायला न्हाई, आन् मास्तरांची लेक चिखलाला पानी पाजती!” फडकी म्हणजे बाबांची जुनी धोतरं.

चैत्रात मूर्ती पुरी झाली. तिच्यात मला स्वतःला खोट काढता येत नव्हती. असं माझ्या बाबतीत आधीही झालं नाही आणि नंतरही नाही. प्लास्टरच्या गोण्या आणायला मी गुरुवारी नगरला गेले. दुकानदाराने माल शनिवारी येईल म्हणून सांगितलं, तेव्हा मामांकडे राहिले. जाताना आत्याला दाखवून गेले होते की सकाळ-संध्याकाळ फडकी अशी भिजवायची. रविवारी मला पाहायला मंडळी येणार होती, तेही ठरलेलं होतं. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी एस.टी.तून उतरले आणि गोण्या हमालाच्या डोक्यावर देऊन घरी आले. दारातूनच दोरीवर वाळत घातलेली पांढरी फडकी दिसली. पडवी सारवलेली होती. रांगोळीही होती.

“आत्या, फडकी?”

“धुतली. बघ कशी निघालीत. चिखलाने पार वाया घालवली होतीस धोतरं.”

“आणि मूर्ती?”

“गोठ्यात आहे. मोडलेलं नाही हो काही, जपून नेलीय.” मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, “अगं, पांढऱ्या ओल्या कापडात गुंडाळलेलं माणूस पडवीत बसवून ठेवलेलं. उद्या पाहुणे पायरी चढणार. पहिलं काय दिसेल त्यांना? घरात मयत झाल्यासारखं!”

गुरं छावणीत गेल्यामुळे गोठा रिकामा होता. वर पत्रा, आणि ते दिवस चैत्रातले. मान खांद्यापासून सुटली होती. उजवा हात हातोड्यासकट खाली पडला होता. पाठीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती आणि तिच्यातून लोखंड दिसत होतं.

मला आत्याचा राग आला, पण तो पाच मिनिटंही टिकला नाही. ती मूर्ती पाटासकट चार माणसांशिवाय हलत नव्हती. आत्याच्या सांगण्यावरून गावातले चार गडी आमच्या पडवीत आले नसते. ते फक्त मास्तरांनी बोलावल्यावर येत.

बाबा ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं.”

“दोन दिवसांचा प्रश्न होता. भिजव पुन्हा.”

“भिजवून जुळत नाही ते. सांगितलं होतं मी तुम्हाला.”

त्यांनी चष्मा काढला. “मूर्ती पुन्हा होईल. असं स्थळ पुन्हा येणार नाही.” वाद नको असला की बाबा इंग्रजीत बोलत. “बी रीझनेबल,” ते म्हणाले आणि चष्मा परत लावला.

रविवारी सहा माणसं आली. आत्याने तांब्याचा हंडा दारात ठेवला होता, तोंडोतोंड भरलेला. एकेकाच्या पायांवर तांब्यातांब्याने पाणी ओतलं. ते पायरीवरून वाहत रांगोळीपर्यंत गेलं आणि कोणी काही म्हटलं नाही. मी आतून पाहत होते. तेवढ्या पाण्यात ती मूर्ती साचा घेईपर्यंत सुखरूप राहिली असती. म्हणून म्हणते, दुष्काळाचं नाव घेऊ नका. त्या दिवशी आमच्या घरात पाणी होतं.

मुलाच्या काकांनी विचारलं, “या काहीतरी मूर्ती वगैरे करतात म्हणे?”

“छंद आहे,” बाबा म्हणाले. “वेळ छान जातो.”

तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा. ते भले गृहस्थ होते. लग्नानंतर कधीतरी मी त्यांना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “मला दाखवली असती तर मला काहीच वाटलं नसतं गं.” हे ऐकून मला बरं वाटेल असं त्यांना वाटत होतं.

परीक्षा तोंडावर आलेली, नवी मूर्ती शक्यच नव्हती. सरांनी पुढच्या वर्षी बसायची परवानगी मिळवून दिली. वैशाखात लग्न झालं. सासूबाई म्हणायच्या, “कर की पुरं, कोण नाही म्हणतंय? दिवाळी तेवढी होऊ दे.” दिवाळी झाली. मग तुमच्या बाबांची चाहूल लागली. पुढचं वर्ष असंच गेलं आणि सरांचं पत्र आलं की आता आणखी मुदत नाही. नाही कोणीच म्हटलं नाही. त्यामुळे भांडायलाही कोणी समोर नव्हतं.

बाबा पुढे पंधरवड्याला येत आणि तुमच्या बाबांना इंग्रजी कविता शिकवत. आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांचं सगळं केलं, वेळच्या वेळी. त्यांनी एकदा माझा हात धरून काही बोलायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, “औषधाची वेळ झाली, बाबा.” त्यात मला काही चुकलं असं आजही वाटत नाही.

माती त्याच आठवड्यात गड्यांनी पुन्हा तळ्यात नेऊन टाकली होती. खडीवरच्या बाईला मी मूर्ती फाटली एवढंच सांगितलं. ती म्हणाली, “नाक तरी ऱ्हायलं का?” नाक राहिलं नव्हतं.

तेव्हा धाकटे, ते वाक्य काढ. त्याच्या जागी काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

सुप्याचं घर विकलं तेव्हा गोठ्यातलं आर्मेचर मी टेम्पोत घालून इथे नगरला, सावेडीत आणलं. ते मागच्या अंगणात उभं आहे. गंजलंय. जाईचा वेल त्याच्यावर चढलाय. मान अजून डावीकडे वाकलेली आहे.