शिट्टीशिवायचं वळण

सेप रेनच्या छातीत तीस वर्षांची दगडखाण भरलेली होती. जानेवारीत डॉक्टरनं फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर धरला, घसा खाकरला आणि पुढच्या हिवाळ्याचे बेत करू नका म्हणून सांगितलं. सेपनं टोपी चढवली. घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच विचार होता, टीझलचं काय?

टीझल ही त्याची चौदा महिन्यांची कुत्री. बाप ग्रेहाउंड, आई मेंढपाळाकडची. त्यामुळे बापाचे पाय आणि आईचं डोकं. आमच्या उत्तर इंग्लंडातल्या वेअरडेल खोऱ्यात अशा मिश्र कुत्र्यांना लर्चर म्हणतात. सेपची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं, आणि टीझल ऐकायची मात्र मन लावून.

पळण्यात तिला तोड नव्हती. पण ससा सरळ पळेल तर तो ससा कसला! ऐन भरात तो काटकोनात फिरतो आणि नवशिकं कुत्रं वीस हात पुढे घसरत जातं. म्हणून सेपनं घरामागे सायकल उलटी मांडली, चाकाला लांब दोरी बांधली, दोरीच्या टोकाला सशाचं कातडं, आणि वाटेत दोन खुंट्या ठोकल्या. पॅडल फिरवलं की कातडं सुसाट सुटायचं आणि खुंटीशी झटक्यात वळायचं. पहिल्याच दिवशी टीझल वळणावर तोंडावर आपटली. ओठ फुटला. दुसऱ्या दिवसापासून खुंटी यायच्या जरा आधी तो बारीक शिट्टी वाजवू लागला. शिट्टी ऐकली की ती मागचे पाय पोटाखाली ओढून अशी गर्रकन फिरायची की बघत राहावं.

हेच लाड नडले. सशावर नजर ठेवून वळायचं सोडून पोरगी शिट्टीवर वळायला शिकली. जन्मभर कुत्री शिकवलेल्या माणसानं एवढी ढोबळ चूक करावी! त्याच्या लक्षात आलं तेव्हा मार्च उजाडला होता, आणि शनिवारी डोरा बेनब्रिज कुत्री बघायला येणार होती.

डोरा वरच्या शेताची मालकीण, चाळिशीची, दोनशे मेंढ्या एकटी सांभाळणारी. टीझलला ठेवून घ्यायला ती तयार होती, पण तिची अट साफ होती.

"सेपकाका, तुमची शिट्टी मी कुठून आणू? स्वतःच्या डोक्यानं ससा धरणारी असेल तर घेते. आणि माझ्या गाभण मेंढ्यांत शिरली, तर विषय संपला."

"अगं, ती मेंढ्यांकडे ढुंकूनही बघत नाही."

"तुमच्या आधीच्या कुत्र्याबद्दलही बाबांना हेच सांगितलं होतंत. दोन मेंढ्या गेल्या आमच्या."

डोरा नाही म्हणाली तर दुसरं कुणी नव्हतं. मालकाशिवाय उरलेल्या शिकारी कुत्र्याचं खेड्यात काय होतं, ते त्यानं पाहिलेलं होतं.

शनिवारी सकाळी उतारावरची बिळं त्यानं जाळ्यांनी झाकली, एक तेवढं उघडं ठेवलं आणि सशांना हुसकायला मुंगसासारखं पाळीव फेरेट आत सोडलं. ओठांतल्या ओठांत शिट्टी वाजवायची, असं त्यानं निर्लज्जपणे ठरवून टाकलं होतं. खाली दगडी गडग्याच्या आडोशाला मेंढ्या चरत होत्या.

पहिला ससा सुटला, वळला. शिट्टी. टीझलनं धरला.

"ओठ का हलतायत, काका?"

"थंडी आहे."

दुसऱ्यालाही तसंच झालं. डोरा हसली नाही. "थंडी मलाही वाजतेय, पण मी शिट्ट्या मारत नाहीये. आता शेवटचा. तोंड बंद ठेवा."

सेपनं मान हलवली आणि तो मनात म्हणाला, वाजवणारच.

जमिनीखाली धडधड झाली आणि ससा उघड्या बिळातून सरळ खाली निघाला, थेट मेंढ्यांच्या रोखानं. मागे टीझल, पोट जमिनीला लागलेलं. मेंढ्यांनी माना वर केल्या. ससा आता वळणार, गडग्याच्या कडेनं पळणार, हे सेपला दिसत होतं. न वळता ती सरळ गेली तर गाभण मेंढ्यांच्या मधोमध. त्यानं श्वास ओढला. श्वास आलाच नाही. आली ती खोकल्याची उबळ. तो गुडघ्यांवर बसला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. शिट्टी सोडा, टीझलचं नावही तोंडातून फुटेना.

"गेली!" डोरा ओरडली.

ससा फिरला. टीझलचा एक कान मागे गेला, क्षणभर, आवाजाची वाट बघत. आवाज नव्हता. मग तिनं मान खाली घातली, मागचे पाय ओढले, चिखलाची कमान उडाली आणि ती मेंढ्यांपासून चार हातांवर फिरून गडग्याच्या कडेनं सशामागे गेली. चौथ्या ढांगेत ससा तिच्या तोंडात होता.

सेपला इतका आनंद झाला की खोकता खोकताच तो हसला.

टीझल ससा घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ही माझ्याकडे द्यायला शिकायला हवी, काका," डोरा हळूच म्हणाली. "नाहीतर उपयोग काय?"

सेपचे हात आपसूक पुढे झाले होते. ते त्यानं कोटाच्या खिशात कोंबले आणि पाठ फिरवली. टीझल वळसा घालून पुन्हा समोर आली, ससा वर करून. तो पुन्हा फिरला. ती पुन्हा आली. तिच्या डोळ्यांत बघायची त्याची छाती झाली नाही. तो तिसऱ्यांदा फिरला आणि डोळे गच्च मिटून उभा राहिला.

या खेपेला ती समोर आली नाही. मग मागून डोराचा आवाज आला, मेंढीच्या कोकराशी बोलावं तसा. "दे गं बाई. दे इकडे."

ज्यासाठी आलो ते मिळतंय हे त्याला कळत होतं, आणि रडू काही आवरत नव्हतं.

"दिला का?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"दिला," डोरा म्हणाली.