टेंबेसाहेबांची तगर आणि दोन श्रावण

सुहास टेंबे यांनी बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या काळात परक्याच्या एका पैशाला हात लावला नाही. फुलांचं मात्र वेगळं होतं. रोज पहाटे पावणेसहाला ते उज्जैनच्या माधव नगरातल्या घरातून खिशात प्लास्टिकची पिशवी आणि हातात छत्री घेऊन फिरायला निघत आणि साडेसहाच्या आत भरल्या पिशवीनं परतत. मधल्या वेळात ते जे करत त्याला ते ‘फुलं आणणं’ म्हणत. कुंपणाबाहेर आलेली फांदी सर्वांची, अशी त्यांची धारणा होती. जी फांदी बाहेर आलेली नसे, तिला छत्रीची मूठ बाहेर यायला मदत करी.

यात गैर काही आहे असं कॉलनीत कुणाला वाटत नव्हतं, कारण निम्मी कॉलनी हेच करत होती. देवासाठी तोडलेल्या फुलाची चोरी होत नाही, यावर मराठी आणि हिंदी बिऱ्हाडांचं पूर्ण एकमत होतं. ज्यांच्या दारात झाडं होती तेसुद्धा फुलांसाठी दुसऱ्या गल्लीत जात. आपलं झाड उघडंबोडकं दिसू नये म्हणून.

एप्रिलात कोपऱ्यावरच्या घरात निहारिका नावाची नवी भाडेकरू आली. तिला इथले रिवाज ठाऊक नव्हते. एका सकाळी तिनं दार उघडलं, तेव्हा टेंबेसाहेबांची छत्री तिच्या तगरीत अडकली होती.

“नमस्ते अंकल. चाय लेंगे?”

“नहीं बेटा, वो जरा… फूल…”

“हाँ, दिख रहा है.”

एवढंच. पण समोरच्या गच्चीवर दिलीपजी दात घासत उभे होते आणि दिलीपजी कॉलनीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन. दुपारपर्यंत सगळीकडे बातमी: “टेंबेजी रंगे हाथ!” त्याखाली हसणारे बावीस चेहरे. दिलीपजींच्या देव्हाऱ्यातली जास्वंद कुठून येते हे सर्वांना माहीत होतं, पण पकडले गेले होते टेंबे.

टेंबेसाहेबांनी उत्तर लिहायला दीड तास घेतला. बँकेतली सवय. मजकूर असा: “सावन के पहले दिन से भगवान को केवल अपने घर के फूल चढ़ाऊँगा. सभी सज्जन देखने पधारें. तब तक एक भी फूल नहीं तोड़ूँगा.”

“हे काय करून राहिले तुम्ही?” कुसुमताईंनी फोन वाचून विचारलं. त्या उज्जैनच्याच, त्यांच्या पणजोबांचे पणजोबा शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकून होते आणि त्यांचं मराठी तेव्हापासून हिंदीच्या शेजारी राहत होतं. टेंबे मूळचे जळगावचे, बदलीवर आले आणि जावई म्हणून राहिले. “अहो, मनी प्लांट मारला तुम्ही. मनी प्लांट! तो पाण्याच्या बाटलीत पण जगतो.”

“तो शोभेचा होता. ही देवाची झाडं.”

“मग देवच वाचवो.”

तोवर पूजेत फुलाच्या जागी अक्षता. ‘पुष्पार्थे अक्षतान् समर्पयामि’ हे कुसुमताई हॉलमध्ये पेपर वाचणाऱ्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत.

देवास रोडच्या नर्सरीत टेंब्यांनी आयुष्यातली पहिली तीन रोपं घेतली: तगर, कण्हेर, जास्वंद. तिन्ही स्वस्त, तिन्ही चिवट. नर्सरीवाल्या रमेशनं तिन्हींचे शेंडे त्यांच्या डोळ्यांदेखत कापले. टेंबे कळवळले.

“कटेगा तभी तो फैलेगा साहब,” रमेश म्हणाला. “अंगुली मिट्टी में डालो, सूखी लगे तो पानी. और दो महीने भूल जाओ.”

रंगाच्या रिकाम्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडून रोपं गॅलरीत लागली. पहिल्या दोन सूचना टेंब्यांनी पाळल्या. तिसरी जमली नाही. चव्वेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात त्यांनी कुसुमताईंची जुनी सुती साडी बादल्यांवर ताणली आणि दिवसातून सहा वेळा खालून डोकावून बघितलं. इतक्या देखरेखीखाली बँकेतलं कर्ज बुडालं नसतं. जूनअखेर रोपं दाट झाली. तगरीला हिरव्या तांदळासारख्या कळ्या आल्या. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात श्रावणाच्या पहिल्या दिवशी लाल गोल होता आणि हिशेबानं सगळं वेळेत होतं.

गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. दारात दिलीपजी, मागे निहारिका.

“दर्शन कराइए टेंबेजी! सावन लग गया.”

टेंबे कॅलेंडरापाशी गेले. परत आले. एकतीस वर्षं उज्जैनमध्ये काढलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. इथे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, मराठी घरात अमावास्येनंतर. पण त्यांनी वचन हिंदीत दिलं होतं आणि तारीख मराठीत बघितली होती.

“आमचा… हमारा श्रावण पंद्रह दिन बाद है.”

“आपका अलग आता है?” निहारिकानं विचारलं. तिच्या स्वरात खरंच कुतूहल होतं, त्यामुळे ते जास्त लागलं.

“महाकाल की पालकी-सवारी भी हर सोमवार हमारा श्रावण पूरा होने तक निकलती है,” टेंबे म्हणाले. “भगवान दोनों मानते हैं.”

महाकालाचं नाव निघाल्यावर दिलीपजींना वाद घालता येईना. “ठीक है. पंद्रह दिन. पर उस दिन फूल नहीं दिखा, तो ग्रुप पे माफी.”

माफीनाम्याची कल्पना टेंब्यांना रुचण्यासारखी नव्हती. सकाळचं फिरणं त्यांनी बंद केलंच होतं. आता भाजीलाही ते लांबच्या टावर चौकापर्यंत जात, म्हणजे वाटेत कुणी विचारायला नको.

आणि चौथ्या दिवशी तगरीची पानं पिवळी पडली. कळ्या गळाल्या. बुडाशी मुंग्यांची रांग. टेंब्यांनी प्रथम उन्हाला, मग खताला, मग दिलीपजींच्या नजरेला दोष दिला. शेवटी बादली स्कूटरच्या पुढ्यात ठेवून नर्सरी गाठली.

रमेशनं मूठभर माती नाकाशी नेली. पुन्हा नेली.

“साहब, इसमें से लस्सी की बास आ रही है.”

घरी कुसुमताईंनी काहीही लपवलं नाही. त्या माहेरच्या रीतीनं दोन्ही श्रावण पाळत, म्हणजे सलग पंचेचाळीस दिवस. रोज पिंडीवर दूध, दही, तूप, मध, साखर.

“अगं, ते सगळं तगरीत?”

“मग कुठे, नालीत? देवाचं पाणी पायाखाली येऊ द्यायचं?”

“तुळस आहे ना!”

“शंकराचं पाणी तुळशीत घालत नाहीत. तगर त्याचीच ना? त्याचं त्याला.”

टेंबे हळूच म्हणाले, “कुसुम, ती मरतेय.”

कुसुमताई गॅलरीत आल्या. रोपाला त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं आणि एक पिवळं पान बोटावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पंचामृताचं तांब्याभर पाणी फाटकाबाहेरच्या कडुनिंबाला जाऊ लागलं. “तो इतका कडू आहे, त्याचं गोडानं काय बिघडतं,” एवढंच त्या म्हणाल्या. रमेशनं माती बदलली, कुजलेली मुळं कापली. उरल्या पाच फांद्या आणि अकरा दिवस.

अमावास्येच्या संध्याकाळी कण्हेरीवर काही नव्हतं. जास्वंदीला एक कळी होती, पण तिला घाई नव्हती. तगरीवर एकच कळी, टोकाला पांढरी.

श्रावणाच्या पहिल्या सकाळी ती उमलली. आणि टेंब्यांच्या लक्षात आलं, पूजा साडेसहाला, दिलीपजी आठला. फूल वाहिलं तर झाडावर दाखवायला काही नाही. झाडावर ठेवलं तर पूजेला नाही.

“पूजा आठनंतर केली तर?”

“महाकालाची आरती तुमच्या दिलीपजीसाठी थांबते?”

टेंबे तगरीपुढे उभे राहिले. पाकळ्या एका बाजूला वळलेल्या होत्या, भिंगरीसारख्या. हजारो तगरी तोडूनही हे त्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हा नजर कायम मालकाच्या खिडकीवर असे. फूल खुडताना देठ थोडा तुटला. चिकट, पांढरा चीक बोटाला लागला.

कुसुमताईंनी ते पिंडीवर ठेवलं. त्या दिवशी अक्षतांचा मंत्र झाला नाही.

बरोबर आठला दिलीपजी आले, मागे निहारिका आणि या वेळी अजून चौघं. गॅलरीत हिरव्यागार तीन बादल्या होत्या आणि एकही फूल नव्हतं.

“तो फिर, टेंबेजी?” दिलीपजींनी खिशातून फोन काढला.

“अंदर है,” कुसुमताई म्हणाल्या. “दर्शन करना हो तो चप्पल उतारो, हाथ धोओ.”

सगळ्यांनी चपला काढल्या, हात धुतले. पिंडीवर एक तगर होती. ती गॅलरीतली की कुणाच्या कुंपणातली, हा प्रश्न दिलीपजींच्या ओठापर्यंत आलेला स्पष्ट दिसला. पण समोर देव, हात जोडलेले आणि कुसुमताईंनी तळहातावर तीर्थ ठेवलेलं. तीर्थ हातात असलेल्या माणसाला ते प्यावंच लागतं.

ते प्याले, आणि तीर्थाबरोबर प्रश्नही गिळला.