भूमितीचा कडू घास

परीक्षा देऊन घरी आलेल्या माणसाला काय लागतं? पाणी, बाज आणि कोणी काही न विचारणं. पहिल्या दोन गोष्टी आमच्या घरी होत्या. तिसरी आमच्या गावात कुणाला मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मराठी राज्य नवंनवं होतं आणि मी नववीत होतो. रोज एसटीनं देऊळगाव राजाला शाळेत जायचो. त्या दिवशी सहामाहीचा पहिलाच, भूमितीचा पेपर होता. दोन कोन समान आहेत हे सिद्ध करा, असं विचारलं होतं. मी लिहिलं, आकृतीत दिसतच आहेत. यापुढे मला काही सुचलं नाही आणि खरं सांगतो, अजूनही सुचत नाही.

बाबांनी आधीच बजावलं होतं, एक जरी विषय गेला तर दिवाळीनंतर दप्तर खुंटीला आणि मी वांग्याच्या वाफ्यात. ते उगाच बोलणारे नव्हते. थोरल्या भावाचं दप्तर असंच खुंटीला गेलं होतं आणि त्या खुंटीला आता बैलाचा कासरा लटकत होता. मला शिकायचं होतं. वांग्याचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे.

घरी आलो तेव्हा कोणी नव्हतं. आई कापूस वेचायला गेली होती. मी पायांवर बादलीभर पाणी ओतलं, अंगणात बाज टाकली, डोळ्यांवर ओला पंचा घेतला आणि पडलो. काय सुख होतं म्हणून सांगू. तेवढ्यात शेजारची काकी भिंतीवरून डोकावली. तिला ऐकू कमी यायचं. तोंड काऊन उतरलं म्हणून तिनं विचारलं. मी वैतागून ओरडलो, "भूमिती गेली, काकी." ओरडताना मात्र माझे डोळे भरून आले.

कधी गेली, तिनं विचारलं. दुपारीच, मी म्हणालो. एकाएकी? नाही, म्हटलं, बऱ्याच दिवसांपासून तिचं काही खरं नव्हतं. काकीनं पदर डोळ्यांना लावला आणि ती निघून गेली. किती समजूतदार बाई, मला वाटलं.

थोड्या वेळानं बाया यायला लागल्या. येऊन गपचूप बाजेभोवती बसायच्या. मी पंचा काढला तर अंगण भरलेलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. पिठल्याचा वास आला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर त्यांचं सगळं ठरून गेलं होतं. भूमिती ही माझ्या मामाची मुलगी होती, दिसायला गोरी होती आणि माझ्यासाठीच ठेवलेली होती. अहो, ती शाळेतली आहे, मी कळवळून सांगितलं. त्यावर एक म्हातारी दुसरीला म्हणाली की शिकलेली होती हो पोर, आणि दोघी जास्तच रडायला लागल्या. आता कुणाला काय सांगणार, कपाळ?

तेवढ्यात बाबा पळत आले. घरी माणसं जमलीत असं त्यांना कुणीतरी वावरात जाऊन सांगितलं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, फेटा सुटून हातात आलेला. त्यांनी घाबरून आईचं विचारलं. ती कापसात आहे म्हटल्यावर त्यांनी हातातल्या फेट्यानं तोंड पुसलं. मग सगळ्या अंगणावरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, "मंग गेलं कोन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता सुटका नव्हती. मी बाबांच्या कानाशी गेलो.

"मायी भूमिती, बाबा. आजचा पेपर."

बाबांना कळलं. त्यांच्या कपाळाची शीर फुगली ती मी पाहिली आणि वांग्याचे वाफे माझ्या डोळ्यांपुढे आले. पण ते तोंड उघडणार तोच गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. धीर धर, म्हणाला, पोराले काही बोलू नको, त्याच्या जिवाले लय लागलं. आता बसायला आलेल्या माणसासमोर घरातल्या कर्त्यानं आवाज चढवायचा नसतो, हात जोडायचे असतात. बाबांनी हात जोडले. एकेक जण उठून त्यांचं सांत्वन करून गेला आणि बाबा प्रत्येकापुढे हात जोडत राहिले. खरं काय ते त्यांनी एकालाही सांगितलं नाही.

काकीनं आम्हा दोघांपुढे भाकरी-पिठलं ठेवलं. हा घास नाकारता येत नाही. खाल्ल्याशिवाय ती हलणार नव्हती, म्हणून आम्ही समोरासमोर बसून खाल्लं. बाबा खाली बघून चावत होते. काकी ताट घेऊन गेल्यावर त्यांनी विचारलं, "दुसरी कोनती आजारी हाय काय?"

मी सांडलेलं पिठलं बोटानं पुसलं. मग म्हणालो, "इंग्रजी."

बाबांनी फेटा उचलला, झटकला आणि पुन्हा बांधायला घेतला.

"जिती हाय तवाच सांगत जाय ना बे. उद्या मास्तरले दाखवू तिले."